ठोकळ्याचं माहेर

शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की आपली भाषा ओल्या छत्रीसारखी बाहेर टेकवून ठेवायची, असा नियम होता. आत फक्त इंग्रजी. आणि हा नियम नुसता भिंतीवर रंगवलेला नव्हता, त्याला वजन होतं. चांगलं पाव किलो.

त्या वजनाचं नाव ठोकळा. तळहाताएवढा, काळपट, जाड लाकडाचा तुकडा. वर भोक, भोकात दोरी, आणि पोटावर तापल्या सळईने डागलेली दोन इंग्रजी अक्षरं, डब्ल्यू आणि एन. जो आपल्या भाषेत बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात ठोकळा पडायचा. तो उतरवायचा मार्ग एकच. दुसरं कोणीतरी बोलताना पकडायचं, एक साक्षीदार उभा करायचा, आणि हा दागिना पुढच्या मानेत ढकलायचा. चारच्या घंटेला ठोकळा ज्याच्या गळ्यात, त्याने सभागृह झाडायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या शाळेसमोर मान खाली घालून उभं राहायचं. मान खाली घालायला वेगळे कष्ट पडत नसत. ते काम ठोकळाच करायचा.

त्यामुळे शाळेत इंग्रजी किती जणांना येते हा वादाचा मुद्दा असला, तरी हेरगिरी सगळ्यांना उत्तम यायची. ठोकळेवाला जिन्याखाली दबा धरून बसायचा, नळाशी कान लावायचा, काहीच जमलं नाही तर सरळ दुसऱ्याच्या पायावर पाय द्यायचा. ‘आई गं’ हे आपल्या भाषेत धरायचं की नुसता आवाज म्हणून सोडून द्यायचं, यावर शिक्षकांची एकदा तासभर बैठक झाली होती. धरायचं ठरलं. तेव्हापासून पोरं घरी ‘आऊच’चा सराव करायची. एकीचं बोट दारात चेमटलं तेव्हा ती आधी ‘आऊच’ म्हणाली आणि मगच रडली, तर तिच्या वडिलांनी ही गोष्ट ओळीने चार पाहुण्यांना अभिमानाने सांगितली. बोटाचं काय झालं ते चौघांपैकी एकानेही विचारलं नाही.

ठोकळा आणला होता शाळेच्या संस्थापकाने. सभागृहातल्या तसबिरीत ते साहेब दाढी सोडून बसलेले असत. सव्वाशे वर्षांपूर्वी ते जहाजातून उतरले, तेव्हा त्यांच्या पेटीच्या तळाशी सहा महिन्यांच्या कपड्यांखाली हा लाकडाचा तुकडा होता, असं शाळेच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. त्या दोन अक्षरांचा अर्थ हेडसर नव्या पालकांना समजावून सांगत. “विस्डम! अँड नोबिलिटी!” पालक माना डोलवत. जे कळत नाही त्यापुढे मान डोलवायची, ही आपली खोड ठोकळ्याहून जुनी.

आता आपली पिपाणी. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ती यायच्या आधी तिचा आवाज यायचा म्हणून घरीदारी सगळे पिपाणीच म्हणत. आणि गंमत म्हणजे गेल्या वर्षापर्यंत हीच पिपाणी शाळेत फुंकून फुंकून वाजत नव्हती. इस्त्रीच्या दुकानातली पोर; घरात इंग्रजी बोलणारं औषधालाही नाही. दोन वर्षं तिने तोंडात मूग धरून काढली. मग एकदा शेवटच्या बाकावर बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं, की आपल्यापुढे जे धडाधड इंग्रजी फेकतात त्यांची वाक्यं एकूण बत्तीस आहेत आणि तीच उलटीपालटी करून वापरली जातात. तिने मोजली होती! त्या दिवशी तिची भीती जी पळाली, ती दप्तर न घेताच पळाली. पिपाणीने ग्रंथालयाचं कपाट फस्त केलं, आरशातल्या स्वतःशी इंग्रजीत कडाकडा भांडणं केली, आणि वक्तृत्वाच्या निवडीत अशी वाजली की इंग्रजीच्या मॅडमच्या हातातला खडू खाली पडला.

त्यामुळे शाळेच्या सव्वाशेव्या वाढदिवसाला स्वागताचं भाषण पिपाणी करणार होती. तेही कोणासमोर, तर संस्थापक साहेबांच्या सख्ख्या पणतूसमोर. आणि पहिल्या रांगेत तिचे आजोबा बसणार होते. या एका गोष्टीवर तिचा सगळा जीव टांगलेला होता.

आजोबा म्हणजे आईचे वडील. जहाजांच्या इंजिनघरात बावीस वर्षं तेलाची बुधली घेऊन फिरलेले. तिला न्यायला यायचे, पण फाटकाच्या आत कधी पाऊल टाकायचे नाहीत. म्हणायचे, “आत शिरून नुसता खोकलो तरी विचारतील, कुठल्या भाषेत खोकलात?”

भाषण मॅडमनी लिहून दिलं होतं. विषय, इंग्रजी जगभर का बोलली जाते. उत्तर पहिल्याच ओळीत. सगळ्या जगाला ती फार आवडते म्हणून. सोबत जगाचा नकाशा दिला होता आणि इंग्रजी चालणारे देश गुलाबी रंगवून आणायला सांगितलं होतं. पिपाणीने तो नकाशा आईच्या इस्त्रीच्या टेबलावर पसरला आणि रंगवून टाकला. आजोबा चष्मा चढवून वाकले, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“अगं, ही तर आमची बंदरं!”

“बंदरं कुठली आजोबा, देश आहेत ते. इंग्रजी आवडणारे.”

“आवडणारे?” आजोबा असे हसले की खोकला लागला. “पोरी, हे बघ, इथे जहाज लागायचं, इथे, आणि इथे. आधी बंदर. बंदर झालं की गोदाम आलं. गोदाम आलं की पहारेकरी आला. पहारेकऱ्याने धरलेल्यांना कोंबायला तुरुंग आला. तुरुंगातली डोकी लिहून ठेवायला कारकून आला. आणि कारकून काय झाडाला लागतात? ते घडवायला शाळा आली. झालं तुझं गुलाबी!”

“पण लोक शिकले ना स्वतःहून?”

“मीही शिकलो की. हजेरी घेणारा त्याच भाषेत हाक मारायचा, म्हणून शिकलो. पुल! पुश! शटप! गेट डाऊन! बावीस वर्षांत एवढं इंग्रजी ऐकलं, पण एक ‘प्लीज’ कानावर पडलं असेल तर शपथ.”

“अहो बाबा, पोरीच्या डोक्यात काहीतरी भरू नका,” आई गरम इस्त्री आपटत म्हणाली. “तिला तिथेच शिकायचंय अजून.”

पण भरायचं ते भरलं होतं. पिपाणीने आजोबांची बंदर ते शाळा ही साखळी झकास इंग्रजीत उतरवून भाषणात घातली. मॅडमनी ती लाल शाईने अख्खीच्या अख्खी खोडली.

शाळेतलं सगळं बोलणं अर्थातच इंग्रजीतलं. इथे दिलंय ते वाचणाऱ्याच्या सोयीसाठी जरा दुरुस्त करून दिलंय.

“हे कोणी सांगितलं?” मॅडमनी विचारलं.

“आजोबांनी.”

“ते काय करतात?”

“आता चादरी घड्या करतात.”

“मग घड्याच करू दे त्यांना,” मॅडम म्हणाल्या.

भाषणात साहेबांची माहिती हवी म्हणून पिपाणीला कपाटातून त्यांची हस्तलिखित नियमावली मिळाली होती. दरवर्षी ती मखमलीच्या उशीवर ठेवून मिरवत, पण आजवर उघडली कोणी नव्हती, कारण ती इंग्रजीत होती. पहिल्याच पानावर साहेबांच्या गावाचं नाव होतं. एकापुढे एक अक्षरं रेटलेली, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही.

“मॅडम, हे कसं म्हणायचं?”

मॅडमनी बराच वेळ डोळे बारीक केले. “हे सायलेंट आहे.”

“कुठलं अक्षर?”

“सगळंच.”

सातव्या पानावर ठोकळ्याचा नियम होता. पिपाणीने तो वाचला, परत वाचला, आणि तिचे डोळे लकाकले. ‘फाटकाच्या आत जो कोणी इंग्रजी सोडून दुसरी कोणतीही भाषा उच्चारेल, मग तो विद्यार्थी असो, गुरू असो वा पाहुणा, त्याने हा ठोकळा गळ्यात घालावा, आणि दुसरा कोणी सापडेपर्यंत, जिथे जाईल तिथे, जवळ बाळगावा.’

“मॅडम, यात गुरूसुद्धा लिहिलंय!”

“ते पुस्तक उशीवर ठेवायला दिलंय, वाचायला नाही,” मॅडम म्हणाल्या आणि ते काढून घेतलं. पण वाचलेलं कसं काढून घेणार? पिपाणीचं पाठांतर जबरदस्त होतं.

समारंभ शनिवारी. हेडसरांनी आदल्या आठवड्यात जाहीर केलं, की शुक्रवारी चारच्या घंटेला ठोकळा ज्याच्या गळ्यात असेल, तो शनिवारी रंगमंचावर पाऊल ठेवणार नाही. तो मागच्या भिंतीशी ठोकळ्यासकट बसेल, म्हणजे शाळेची शिस्त पाहुण्यांना प्रत्यक्ष दिसेल. हे ऐकून सगळ्यांत जास्त खूश झाली वर्गाची मॉनिटर. भाषणाच्या निवडीत ती दुसरी आली होती. एकदा मागे लागली की सुटत नाही म्हणून वर्गाने तिचं नाव चिकटपट्टी ठेवलं होतं. ती शुक्रवारी सकाळपासून पिपाणीच्या पाठीला चिकटली.

अकराच्या सुमारास घात झाला. रंगमंचाचे पडदे इस्त्रीला पिपाणीच्याच दुकानात गेले होते, आणि ते घेऊन आजोबा सायकल ढकलत फाटकापर्यंत आले. मागे कडक इस्त्रीच्या लाल पडद्यांचा ढीग, आणि ढिगाचं टोक नेमकं गटाराच्या दिशेने घसरत चाललेलं. आईचे दोन दिवसांचे हात त्या ढिगात होते. पिपाणीने व्हरांड्यातून पाहिलं. इंग्रजी शब्द तिला ठाऊक होता, हो, चांगला ठाऊक होता! पण तो डोक्यात होता, आणि दुसरा जिभेवर.

“आजोबा, पडदा! अहो मागे बघा, पडदा पडतोय!”

आजोबांनी ढीग सावरला. पडदा वाचला. इकडे पिपाणीवर मात्र पडायचा तो पडला.

“आय हर्ड!” चिकटपट्टी मागून किंचाळली. “साक्षीदार आहे!” सकाळपासून तो गळ्यात वागवणारा पोरगा धावतच आला, आणि पाचव्या मिनिटाला ठोकळा पिपाणीच्या गळ्यात होता.

फाटकापलीकडे आजोबा सायकल धरून उभे. काय झालं ते त्यांना कळलं. सावरलेल्या ढिगाचं टोक त्यांनी उगाच पुन्हा एकदा नीट केलं.

चारपर्यंत पाच तास होते. एवढी मोठी शाळा, एक मासा गळाला लागणार नाही? पिपाणीने पदर खोचल्यागत बाह्या सरसावल्या आणि शिकारीला निघाली. पण त्या दिवशी शाळेत अघटित घडलं. सगळी शाळा मुकी झाली. शनिवारचा कार्यक्रम प्रत्येकालाच हवा होता, तेव्हा कोणी तोंडच उघडेना. मधल्या सुट्टीत चारशे पोरं हूं की चूं न करता डबे खात होती. भूगोलाचे सर खंड हातवाऱ्यांनी दाखवत होते. एकाने पाणी मागायला नळाचं चित्र काढलं. पिपाणीने दोघांच्या पायावर पाय दिला, दोघांनी डोळ्यांत पाणी आणून ‘आऊच’ केलं. तिने इंग्रजीत एक फर्मास विनोद सांगून पाहिला, म्हणजे हसता हसता कोणाच्या तोंडून काही निसटेल. कोणी हसलंच नाही, कारण कोणाला कळलाच नाही.

हेडसर व्हरांड्यातून फेरी मारत होते. ती शांतता बघून त्यांची छाती भरून आली. “बघा,” ते मॅडमना म्हणाले, “आज शाळेत शंभर टक्के इंग्रजी आहे.”

चारला पाच कमी असताना पिपाणीला नळापाशी हुंदका ऐकू आला. पहिलीतली एक चिमुरडी, शाळेत येऊन जेमतेम आठवडा झालेली, भिंतीकडे तोंड करून रडत होती. “मला आईकडे जायचंय... मला नाही इथे बसायचं...” स्वच्छ, ठणठणीत आपल्या भाषेत! आणि साक्षीदारही तयार, कारण चिकटपट्टी पिपाणीवर नजर ठेवायला दहा पावलांवर उभीच होती. पिपाणीने दोरी डोक्यावरून अर्धी काढली.

मग तिने त्या पोरीची मान पाहिली. ठोकळा मानेहून रुंद होता.

पिपाणीने दोरी परत खाली सोडली, गुडघ्यावर बसली आणि तिच्या कानात कुजबुजली, “नुसती रड गं. शब्द घालू नकोस.”

घंटा झाली.

शनिवारी सभागृह फुलांनी, गुलाबी नकाशाने आणि कडक लाल पडद्यांनी सजलं. आजोबा पहिल्या रांगेतली खुर्ची सोडून थेट शेवटच्या रांगेत आले आणि भिंतीशी बसलेल्या पिपाणीच्या शेजारी बसले. तिच्या गळ्यात ठोकळा, हातात काही नाही, डोळे लाल. भाषणाचा कागद चिकटपट्टीकडे गेला होता.

पणतू आले, आणि हेडसरांना पहिला धक्का बसला. त्यांच्या मनात कोणी उंच, राजबिंडा, छडीवाला साहेब होता. आले ते बुटके, टकले, हसरे गृहस्थ. आयुष्यभर नळजोडणीचं काम करून निवृत्त झालेले, आणि आल्या आल्या व्हरांड्यातला गळका नळ बघून हळहळलेले. दुसरा धक्का जास्त मोठा होता. त्यांचं इंग्रजी कोणालाच कळेना! सव्वाशे वर्षं इंग्रजीचा वसा घेतलेली शाळा, आणि पाहुण्याच्या तोंडून गाणं म्हटल्यासारखं चढउतार करत काय येतंय याचा एका गुरूला पत्ता नाही. पाहुण्यांनी काकुळतीने काहीतरी विचारलं. हेडसर म्हणाले, “व्हेरी नाइस! थँक यू!” त्यांनी पुन्हा विचारलं. मॅडम म्हणाल्या, “द सेम टू यू.”

शेवटी मागून आजोबा उठले, पाहुण्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोटाने शौचालयाची दिशा दाखवली. पाहुणे धावलेच.

परत येताना ते आजोबांशी खुशाल बोलत आले. आजोबा तीन वर्षं एका इंजिनघरात त्यांच्याच मुलखातल्या माणसासोबत राबले होते. तो चढउतार त्यांच्या कानात मुरलेला होता. बोलता बोलता दोघं शेवटच्या रांगेशी आले, आणि पाहुण्यांची नजर पिपाणीच्या गळ्यावर गेली.

हसू जागच्या जागी विझलं. ते खाली बसले, ठोकळा हातात घेतला, अक्षरांवरून अंगठा फिरवला, आणि भरभर काहीतरी सांगू लागले. सगळं सभागृह वळून बघू लागलं. हेडसर धावत आले. “विस्डम! अँड नोबिलिटी!”

“नो,” पाहुणे म्हणाले. तेवढं सगळ्यांना कळलं.

पुढचं आजोबांनी सांगितलं. फाटकाच्या आत होते, म्हणून इंग्रजीतच सांगितलं. पाहुण्यांचं इंग्रजी बंदराच्या इंग्रजीत उतरवलं, आणि काय आश्चर्य, ते पहिलीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांना कळलं.

“हिज कंट्री स्मॉल. इंग्लिश नेक्स्ट डोअर, बिग. ग्रँडफादर फादर, स्मॉल बॉय, गो स्कूल. टॉक मदर टॉक. टीचर पुट धिस वुड हिज नेक. फोर ओक्लॉक, स्टिक! एव्हरी डे स्टिक! धिस लेटर, हिज लँग्वेज. धिस लेटर, नॉट.”

सभागृह गार. म्हणजे तसबिरीतले साहेब इंग्रज नव्हतेच! शेजारच्या लहानशा डोंगराळ मुलखातलं एक पोर, आपल्या आईच्या भाषेत बोललं म्हणून रोज छड्या खाणारं. सासूने सुनेला छळावं, आणि सुनेने सासू झाल्यावर तेच लाटणं नव्या सुनेच्या पाठीत घालावं, तसं ते पोर मोठं झालं, दाढी वाढवली, आणि गळ्यातला ठोकळा जपून पेटीत घालून समुद्रापलीकडे नव्या मानांच्या शोधात निघालं. इंग्रजीने जग गिळायला सुरुवात कुठून केली, तर शेजारच्या घरापासून. आणि विनोद असा, की ठोकळ्यावर डागलेली बंदी होती ती त्या डोंगरातल्या भाषेला. तिचा एक शब्दही इथे कोणाला येत नव्हता! सव्वाशे वर्षं सगळी शाळा न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होती.

पाहुणे उभे राहिले आणि हेडसरांना सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, की हा ठोकळा मला द्या, आमच्या गावी नेऊन काचेच्या पेटीत ठेवतो, लोकांना बघू दे. आणि शेवटी म्हणाले, “प्लीज.”

आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

पण हेडसर ताठ झाले. हा शाळेचा कणा होता, मान होती, ओळख होती. “सॉरी सर,” ते म्हणाले, “इट इज अवर कल्चर.”

पाहुणे पिपाणीसमोर परत वाकले, आणि हळू आवाजात, चाचपडत, एक वाक्य बोलले. घशातून घासत येणारं, मऊ, ओळखीचं अजिबात नसलेलं.

पिपाणीने आजोबांकडे पाहिलं. आजोबांचे डोळे मोठे झाले होते. “नॉट इंग्लिश,” ते म्हणाले. “माय पार्टनर टॉक लाइक धिस. इंजिन हॉट, ही क्राय, धिस टॉक.”

पाहुणे ओशाळले. साठी उलटल्यावर आता संध्याकाळच्या वर्गाला जातो म्हणाले, पणजोबांची भाषा शिकायला. चाळीस वाक्यं येतात. हे त्यातलं ‘माफ कर, बाळ’ होतं.

आणि पिपाणीच्या डोक्यात सातवं पान फडफडून उघडलं.

ती उठली. तिचा आवाज आधी उठला. “सर! संस्थापकांचा नियम, पान सात!” आणि तिने तो घडाघडा म्हटला. फाटकाच्या आत जो कोणी. इंग्रजी सोडून दुसरी कोणतीही भाषा. विद्यार्थी असो, गुरू असो वा पाहुणा. जिथे जाईल तिथे जवळ बाळगावा. “साक्षीदार माझे आजोबा. नियम सगळ्यांना आहे ना, सर?”

अख्खं सभागृह हेडसरांकडे बघत होतं, पालक बघत होते, तसबीर बघत होती. नाही म्हणावं तर साहेबांचा शब्द खोटा, आणि तोही साहेबांच्या पणतूदेखत. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. “ऑफ कोर्स,” हेडसर कपाळ पुसत म्हणाले. “रूल इज फॉर ऑल.”

पिपाणीने दोरी गळ्यातून काढली. पाहुण्यांनी समजून मान वाकवली, आणि सव्वाशे वर्षांनी ठोकळा घरच्या मानेत पडला. ते हसत होते आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. आजोबांमार्फत म्हणाले, काळजी नको, सोमवारी संध्याकाळच्या वर्गात कोणी ना कोणी नक्की सापडेल. तिथे सगळेच गुन्हेगार.

आता पिपाणीचा गळा मोकळा होता. भाषण करायला तिला कोण अडवणार? चिकटपट्टीने कागद आणखी घट्ट धरला, पण पिपाणीला कागद नकोच होता. ती लाल पडद्यांमधून रंगमंचावर गेली आणि इंग्रजीत बोलली. हो, इंग्रजीतच! ती भाषा तिने कोणाकडून भीक मागून घेतली नव्हती. आरशासमोर भांडून, वापरून वापरून, आजोबांच्या जुन्या शर्टासारखी मऊ करून घेतली होती. नकाशाकडे हात करून तिने सांगितलं. आधी बंदर. मग गोदाम. मग पहारेकरी, मग तुरुंग, मग कारकून, मग शाळा. आणि सगळ्यांत शेवटी, खूप खूप शेवटी, सर, आवड.

पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ते बघून हेडसरांनी वाजवल्या, मॅडमनीही वाजवल्या. मॅडमना बहुधा नंतर कळलं, कारण त्यांचे हात मध्येच थांबले.

आजोबा मात्र पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीत येऊन बसले होते. फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यांनी कळ काढली, आणि बाहेर पाय पडताच म्हणाले, “ऐकलंस? प्लीज म्हणाला गं तो! बावीस वर्षं कुठे होता?”

गोष्ट इथे संपली असती. पण हेडसर हरणाऱ्यांतले नव्हते. रविवारी सुताराकडे निरोप गेला, आणि सोमवारी पहिल्या तासाला नवा कोरा ठोकळा ऑफिसात हजर झाला. लाकूड चकचकीत, दोरी पांढरी, आणि अक्षरं तीच. अर्थ कळल्यावरसुद्धा तीच! परंपरा म्हणजे परंपरा.

पिपाणीला बोलावणं आलं.

“जुना तुझ्यामुळे गेला,” हेडसर इंग्रजीत म्हणाले, “तेव्हा नवा तुझ्यापासून सुरू.” आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तो तिच्या गळ्यात घालायला घेतला. दोरी आखूड. कानाशीच अडकली. त्यांनी ओढली, पिपाणीचं नाक अडकलं. हेडसर वैतागून दाराशी उभ्या सुताराकडे वळले.

“अहो मिस्त्री, काय हे! एवढीशी दोरी? पोरांची डोकी आहेत की लिंबं? नीट माप घ्यायला काय झालं होतं तुम्हाला?”

“तुम्हीच म्हणालात, सर, लवकर करा,” सुतार म्हणाला.

“लवकर म्हणजे असं कसंही? काय सांगावं तुम्हा लोकांना!”

आणि हेडसर थांबले. ऑफिसात एकदम फार शांतता झाली होती. घड्याळाची टिकटिक कुठल्याच भाषेत नव्हती, म्हणून तेवढी चालू होती.

पिपाणीने सुताराकडे पाहिलं. साक्षीदार. तिने हेडसरांकडे पाहिलं. गुरू. मग नाकावर अडकलेला ठोकळा दोन्ही हातांनी उचलून अलगद काढला, आखूड दोरी ताणून ताणून होईल तेवढी रुंद केली, आणि टाचा उंचावल्या.

“प्लीज, सर,” ती म्हणाली.